आहे तेवढंच दाखवणारी लेन्स

पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि डोंगराकडे तांबडी पायवाट लागते. त्या पायवाटेवरच्या वाडीत जिवंत माणसाचा फोटो कुणाच्याच घरी नव्हता. फोटो होते, पण मेलेल्यांचे. जिवंतपणी पनवेलला जाऊन फोटोला बसायची सवड कुणाला मिळत नसे. माणूस गेला की फोटोवाल्याला निरोप जायचा. मयताला अंगणात खुर्चीवर बसवायचं, कपाळाला कुंकू लावायचं आणि मागे ठेवायला एक चेहरा करून घ्यायचा. म्हणून गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस पायवाटेला दिसला, की बाया पदर तोंडाशी नेत आणि हळूच विचारत, कुणाच्या घरी?

गोरख याच वाडीचा. त्याचा बाप काळू वीटभट्टीवर राबता राबता गेला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बापाची मान खुर्चीत ठरेना. मग मागे घोंगडी धरली, घोंगडीच्या आड गोरखला उभं केलं आणि बापाचं डोकं त्याच्या दोन्ही तळहातांत दिलं. पनवेलच्या बाजारपेठेतले चारुदत्त फोटोवाले पुढून म्हणाले, हलू नकोस. गोरख हलला नाही. घोंगडीतून बापाचे गार कान त्याच्या तळव्यांना लागत होते. मग वीज पडावी तसा फ्लॅश चमकला आणि दारात बसलेली त्याची आई साळू किंचाळून आडवी झाली.

तो फोटो आणायला गोरख स्टुडिओत गेला, आणि तिथलाच झाला. आधी झाडलोट केली, मग रोल धुतले, मग कॅमेरा हातात आला. चौदा-पंधरा वर्षांत त्याचा हात असा बसला, की खांदा कॉलनीतली साहेबमंडळी बारशाला त्यालाच बोलवा म्हणून सांगू लागली. एक खोड मात्र गेली नाही. तो माणसापासून लांब उभा राही. लांबचं ओढून जवळ आणणारी मोठी झूम लावायची आणि कोपऱ्यातून फोटो काढायचे, हे त्याचं कायमचं. कुणाला वाटे लाजाळू आहे, कुणाला वाटे कलाकार आहे. खरं तर चेहऱ्याच्या जवळ गेलं की त्याच्या तळव्यांना तो गारवा जाणवे आणि हात कापू लागत. हे त्याने बायकोला, म्हणजे रूपालासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.

त्र्याण्णव साली, दिवाळी उलटल्यावर, चारुदत्तांनी स्टुडिओ विकायला काढला. ते मुलीकडे पुण्याला राहायला जाणार होते. त्यांनी गोरखला काउंटरवर तीन लेन्स मांडून दाखवल्या. कॅमेरा तुझा, म्हणाले, आणि यातली एक लेन्स तुझी. बाकीचं सामान दुकानाबरोबर जाईल. आता गोरखला सायकलवर दारोदार फिरायचं होतं. बारसं असो, लग्न असो, शाळेचा कार्यक्रम असो, गळ्यात रोज एकच लेन्स. एक अठ्ठावीस मिलिमीटरची, सगळी खोली एका दमात पोटात घेणारी. एक झूम. आणि एक पन्नासची, आखूड, साधी, कॅमेऱ्याबरोबर आलेली.

"पन्नासची म्हणजे घरची भाकरी," चारुदत्त म्हणाले. "कुणी वाखाणायचं नाही. तू झूमच घेणार, मला माहीत आहे. पण तिन्ही घरी ने, बघ, आणि सोमवारी सांग. बायको पसंत करायला एवढे दिवस लावले नसशील."

गोरख हसला, पण त्याचं चित्त तिथे नव्हतं. त्याच आठवड्यात साळूला धाप लागून पनवेलच्या दवाखान्यात आणलं होतं. दोन दिवसांनी वाडीत परत पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, काळीज दमलंय, चढण चढू देऊ नका, आणि पुढचं बोलले नव्हते. आईचा एकही फोटो नव्हता. ती गेली, तर अंगणात खुर्ची येणार, घोंगडी येणार. कॅमेरा त्याच्याच गळ्यात असणार. घोंगडीमागे डोकं धरायला कुणाला उभं करायचं, इथवर त्याचा विचार जाई आणि तो दचकून मान झटके.

फोटो काढू का, असं त्याने आईला दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा तिने तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी त्याने झूम लावली आणि घरामागच्या ऐनाच्या झाडाआड जाऊन उभा राहिला. चोरूनच घ्यायचा, तिला कळणारसुद्धा नाही. साळू काटक्या उचलायला बाहेर आली. झूमने तिचा चेहरा ओढून हातभर अंतरावर आणला. गळ्याची हाडं वरखाली होत होती. गोरख तिचे श्वास मोजू लागला. एक थांबला, बराच वेळ थांबला, मग तो श्वास पुन्हा चालू झाला. बटणावरचं बोट दाबेना. जिवंत आई समोर होती आणि तो मयत बघावं तसं तिला बघत होता.

पाचोळा वाजला असावा. साळू वळली. तिला आधी झाड दिसलं, मग कॅमेरा, मग मुलगा. हातातल्या काटक्या गळून पडल्या.

"माजी येळ आली का रं?" तिने विचारलं. "डाक्तरानं सांगितलं का तुला?"

गोरख धावत गेला, तिला धरून आत नेलं, चुलीपाशी बसवलं. तसं काही नाही, तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तिची नजर कॅमेऱ्यावरून हटेना. यानंच तुज्या बापाला बांदून नेलं, ती म्हणाली, आणि ती वीज माज्यावर पाडू नको. तेव्हा गोरखला काय सुचलं कोण जाणे. त्याने कॅमेरा उभा धरून तिच्या हातात दिला. म्हणाला, आधी तूच बघ मला. वीज नाय पाडत.

साळूला एक डोळा मिटून बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवले. एक कॅमेऱ्यात, एक बाहेर. आणि तिने कॅमेरा खाली टाकताटाकता सावरला.

"दोन गोरक दिसतान," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "येक हितं बसलाय. येक अंगावर येतोय."

गोरखने झूम काढली, अठ्ठावीसची लावली. तिने पुन्हा पाहिलं आणि तिचा चेहरा आणखी उतरला. आता एक गोरख समोर होता आणि दुसरा एवढासा, पार लांब गेलेला. नको, ती म्हणाली. असा लांब जाऊ नको.

मग त्याने पन्नासची लावली. साळू दोन्ही डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिली. चुलीतली राख सरसरली. बाहेर कोंबडी कुरकुरली.

"येकच हाय," ती म्हणाली. "हाय तेवडाच हाय."

तिने कॅमेरा परत दिला, पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. घे, असं ती म्हणाली नाही, पण बसली.

कुडाच्या भिंतीतून उन्हाच्या बारीक काड्या आत आल्या होत्या, तेवढाच उजेड. अशा अंधारात झूमने काही उमटलं नसतं. पन्नासचीला तेवढा पुरे, पण जवळ जावं लागणार होतं. गोरख गुडघ्यांवर पुढे सरकला, चुलीच्या या अंगाला, तिच्या श्वासाचा आवाज येईल इतका जवळ. तळव्यांत गारवा आला. हात कापू लागले. त्याने पाठ घराच्या मेढीच्या खांबाला टेकवली, कोपरं बरगड्यांत दाबली आणि तिचा श्वास बाहेर पडून पुढचा सुरू होण्याआधीच्या त्या भयंकर पोकळीत बटण दाबलं. मग पुढचा श्वास येईपर्यंत तो तसाच राहिला. आला.

सोमवारी त्याने पन्नासची मागितली. चारुदत्तांनी चष्मा वर केला. कॉलनीतली माणसं म्हणतील हा अंगावर येतो, त्यांनी बजावलं. गोरख म्हणाला, जाईन जवळ. रोल त्याने स्वतः धुतला. फोटोत पदराची कड हलली होती, पण डोळे काचेसारखे लख्ख होते, आणि ते त्याच्याकडे बघत होते, घाबरून, पण बघत होते.

साळूने फोटो हातात घेतला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. मी हाय तवर भितीला लावायचा नाय, असं तिने बजावलं आणि आपल्या लुगड्यांखाली ट्रंकेत ठेवला.

त्यानंतर गोरख तीच एक लेन्स घेऊन फिरला. खांदा कॉलनीत, नेऱ्याला, चिरनेरच्या जत्रेत. भीती गेली नाही. प्रत्येक चेहऱ्याजवळ जाताना तळव्यांना बापाचे कान लागत. तो तरीही जाई.

साळू आणखी दोन पावसाळे राहिली. गेली त्या दिवशी शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे अंगणात खुर्ची आणली, कुणी घोंगडीही काढली. गोरखने खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली आणि ट्रंक उघडली.