जीभ न घासता यायचं

सिंगापुरात मी बरीच वर्षं बँकेत इमानेइतबारे नोकरी केली. कामचुकारपणा केला तो माझ्या पित्ताशयानं. उजव्या बरगडीखाली जडपणा, तोंड कडू आणि जरा तेलकट खाल्लं की पोटाचा नगारा. हॉस्पिटलातल्या सर्जननी सोनोग्राफी करून सांगितलं की खडा नाही, पण पित्त पुढे सरकत नाही, तळाशी गाळ साचलाय. काही आठवड्यांनी पुन्हा बघू, गाळ आणि त्रास तसाच राहिला तर पित्ताशय काढून टाकू. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू माझ्या खिशातला जुना रुमालच काढायचा होता. मी सुरीला जन्मजात घाबरतो. बायको भाजी चिरायला लागली तरी पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जातो.

तांजोंग पगारला आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत, खाली दुकान आणि वर घर अशा एका जुन्या शॉपहाउसमध्ये, एक चिनी वैद्यबाई बसत. त्यांच्याकडे जाऊ का, असं सर्जनना घाबरत विचारलं. ते म्हणाले जा, फक्त काय घेता ते मला कळवा, आणि ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर काढा ठेवा बाजूला आणि सरळ इकडे या.

झालं. शनिवारी सकाळी मी मुलगी बघायला निघाल्यासारखा तयार झालो. इस्त्रीचा शर्ट घातला. तांब्याच्या टंग क्लीनरनं जीभ अशी खरवडली की गुलाबाच्या पाकळीनं लाजावं. सोबत येणाऱ्या बायकोनं निघताना गरम हळद-दूध पाजलं. परक्या डॉक्टरसमोर अंगात ताकद असावी म्हणून.

बाईंच्या खोलीत भिंतभर लहान लहान खण होते. त्या पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी जीभ दाखवा म्हणताच मी मान मागे टाकून, डोळे मिटून ती सादर केली. बाईंनी बॅटरी मारली, वाकून पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. जिभेला काय केलंत म्हणून विचारल्यावर मी खरवडण्याचं अभिमानानं साभिनय वर्णन केलं. बायकोनं दुधाची भर घातली.

बाईंनी चष्मा काढला. जिभेवरचा थर पाहून आतली बातमी कळते, त्या समजावू लागल्या. जाड पिवळा थर असला तर यकृत आणि पित्ताशयात उष्णता आणि ओल साठली आहे असं त्यांचं शास्त्र मानतं. मी तो थर साफ करून वर रंग दिला होता.

"हा पिवळा तुमच्या पित्ताचा की तुमच्या मिसेसचा, मला कसं कळणार लाह?" वाक्याच्या शेवटी तिथला लाडका 'लाह' जोडत त्यांनी विचारलं.

पुढच्या शनिवारी यायचं ठरलं. त्याआधीचे काही दिवस हळद नाही, कॉफी नाही, आणि जिभेला हात लावायचा नाही. आमच्या घरी हे म्हणजे संकटच. माझ्या बायकोच्या माहेरी जीभ न घासलेल्या माणसाला चहासुद्धा मिळत नसे. ती माझ्याशी हातभर अंतर ठेवून वागू लागली. "अहो, बोलायचं असेल तर खिडकीकडे तोंड करून बोला," असं तिनं एकदा गंभीरपणे सुचवलं.

दुसऱ्या खेपेला जीभ बाईंना पसंत पडली. मग त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांवर आळीपाळीनं तीन बोटं ठेवली आणि तंबोरा जुळवणाऱ्या माणसासारखी मान कलती केली. नाडी ताणलेल्या तारेसारखी लागतेय, त्या म्हणाल्या. राग येतो का? मी नाही म्हणालो. बायकोनं खुर्ची पुढे ओढली. तिची साक्ष बराच वेळ चालली. बाईंनी सगळी लिहून घेतली. त्यांच्या शास्त्रात यकृताचं काम सगळं वाहतं ठेवण्याचं असतं, पित्तही आणि मनही. एक तुंबलं की दुसरं तुंबतं. साहेबावरचा राग गिळून घरी आणणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

औषध देण्याआधी त्यांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला. खडा दिसला असता तर हे दिलं नसतं, असं स्पष्ट बोलल्या. मग खण उघडू लागले आणि मी नाटकाची पात्रनिवड बघावी तसा बघत बसलो. उष्णता उतरवणारी पिसासारखी वाळकी पानं, अडलेलं मोकळं करणारी मुळी, पोट साफ ठेवणारा चिमूटभर कंद, आणि या सगळ्यांची आपसात भांडणं होऊ नयेत म्हणून ज्येष्ठमध. कुणाला किती वाव द्यायचा हे त्या बारीक काट्यावर तोलत होत्या. शेवटी कडक, काळपट चकत्या निघाल्या. बायकोनं एक हुंगली.

"अगं बाई, ही तर आपल्या हळदीच्या भावकीतली."

बाई खूष झाल्या. हो, हळदीचीच नातेवाईक, पित्त हलवायला हीच लागते. पण घरी मनानं हळद वाढवायची नाही, असा दमही भरला.

काढा मातीच्या भांड्यात उकळायचा होता. त्याच्यापुढे कडुलिंब म्हणजे श्रीखंड. मी नाक धरून, एक हात हवेत उंचावून पीत असे. हळूहळू तोंडाचा कडूपणा गेला, जडपणा उतरला. तळलेलं तर काढ्याच्या धाकानंच सुटलं होतं.

दुसऱ्या सोनोग्राफीला सर्जननी ते थंडगार यंत्र पोटावर फिरवलं, पुन्हा फिरवलं. "गाळ दिसत नाही," ते म्हणाले. ऑपरेशनची गरज नाही. कधी कधी तो आपोआपही जातो, असं त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं.

तिथून मी बायकोला घेऊन थेट वैद्यबाईंकडे गेलो आणि दारातच दोन्ही हात पसरून बातमी जाहीर केली. त्यांनी आधी रिपोर्ट वाचला, मग काढा आजपासून बंद म्हणून सांगितलं. मी थोडा खट्टू झालो. आपोआप गेला की तुमच्यामुळे, असं छेडून पाहिलं. मला जरा जुगलबंदी हवी होती.

"पित्ताशय तुमच्याकडेच आहे ना?" रिपोर्ट माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "मग त्या डॉक्टरांनी आणि मी कशाला भांडायचं?"

एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत मी उजव्या बरगडीवर हात ठेवूनच चाललो. बायको म्हणाली, लोक बघतायत. बघू देत.