बायकोच्या बांगड्या आणि माझी फी

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलो. खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "मुलाचं नाव?"

मी म्हटलं, "मुलाचं नाही. माझंच लिहा."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. नखांत कायमचं बसलेलं ऑइल त्याला दिसलं असावं. त्याने नाव लिहून घेतलं.

बोरी अरबला माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. काम वडिलांच्या हाताखाली शिकलो. गाडी दारात यायच्या आधी तिच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचो, आणि त्याचा मला जरा गर्वही होता. पण गाड्या बदलत गेल्या. कार्बोरेटर गेले, सेन्सर आले, मग बॅटरीवरच्या स्कूटर आल्या. एकदा एक जुने गिऱ्हाईक, कपाशीवाले कास्तकार, नवी कोरी गाडी ढकलत घेऊन आले. दुपारभर मी खोललं आणि जोडलं. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"राहू द्या मिस्तरी," ते शेवटी म्हणाले. "इले आता डॉक्टर लागते. तुमी पडले हकीम."

हसून बोलले, पण गाडी टेम्पोत चढवून यवतमाळला घेऊन गेले. त्यांच्यामागून आणखी गिऱ्हाइकं त्याच रस्त्याने गेली.

कॉलेजात नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा वर्षाचा कोर्स होता, नव्या इंजिनांचा आणि विजेवरच्या गाड्यांचा. फी दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नव्हते. शिष्यवृत्तीचं विचारलं तर वय आडवं आलं, बँकेत विचारलं तर जामीनदार आडवा आला. सगळी मदत विशीतल्या पोरांसाठी असते, यात त्यांचं काही चूक नाही. माझ्यासारखा माणूस उशिरा शिकायला येईल, हे कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं, एवढंच.

घरात आम्ही हिंदी बोलतो. माझी शाळा मराठी, म्हणून लिहितो मात्र मराठीत. त्या संध्याकाळी बायको चुलीपुढे बसून म्हणाली, "मेरी चूडियाँ रख दो बँक में. फी भर दो."

मी एकदम ताठ झालो. म्हटलं, "मेरे घर का सोना गिरवी नहीं जाएगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण तव्यावर पोळी होती. ती तिकडे वळली. मला वाटलं, नवऱ्याचा बाणा पाहून गप्प झाली.

चार-सहा दिवसांनी कापडवाल्या चाचांनी मला दुकानात बोलावलं. चाचा म्हणजे आमच्या मशिदीच्या कमिटीतले सगळ्यात जुने माणूस, पैशाचा कारभार त्यांच्याकडे. कोर्सची गोष्ट त्यांच्या कानावर कशी गेली, मी विचारलं नाही. बोरीत गोष्टी आपोआप कानावर जातात. त्यांनी पैसे माझ्या हातात ठेवले आणि माझी मूठ आपल्या हाताने बंद केली.

"हे आता तुझे झाले. तूच जाऊन भर. दुसऱ्या हप्त्याचं तवा पाहू."

"परत कधी करू, चाचा?"

"परत नाई करा लागत. शिक."

कमिटीची मदत आहे, एवढं समजून मी पैसे घेतले. कुठली मदत, कशातली मदत, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं टाळलं.

कोर्स सुरू झाला. पहाटेची एसटी, डब्यात पोळी आणि आंब्याचं लोणचं. वर्गात एक वायरमन, एक जिनिंगमधला फिटर, एक फवारणीचे पंप दुरुस्त करणारा, सगळे संसारी लोक. शिकवणारे सर आमच्याहून लहान, पण पहिल्या दिवसापासून आम्हाला "काका" न म्हणता नावाने आणि अदबीने बोलावत. पहिल्यांदा मीटर लावून सेन्सरमधला बिघाड माझ्या मी पकडला, त्या दिवशी येताना एसटीत मी एकटाच हसत होतो. बाजूचा माणूस जरा सरकून बसला.

मग रमजान आला. पहिल्या शुक्रवारच्या नमाजनंतर जकातीचं आवाहन झालं. जकात म्हणजे नाक्यावरची नव्हे. ज्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेच्या वर सोनं, चांदी किंवा पैसा वर्षभर शिल्लक असतो, त्याने त्यातला ठरलेला हिस्सा गरजवंतांना द्यायचा, ते आमच्यात फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे. आणि ज्याच्याकडे तेवढी शिल्लक आहे, त्याने जकात घेणं हराम. कमिटीतल्या एकाने सांगितलं की मागची जकात औषधपाण्याला गेली, विधवांच्या किराण्याला गेली, आणि एका कारागिराच्या शिक्षणालाही गेली. नाव घेतलं नाही. पण कारागीर मीच होतो.

मी तिथेच बसून राहिलो. माझ्या घरात लोखंडी पेटीत बायकोचा हार होता, बांगड्या होत्या, चांदीचे पैंजण होते. ज्याच्या घरात सोनं आहे, अशा माणसाने विधवेच्या किराण्यातला घास उचलून कॉलेजात भरला होता.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहतात, दुसऱ्यांच्या घरी पापड लाटतात. त्या समोरून आल्या की मी गॅरेजमध्ये शिरून उगाच टायर हलवत बसायचो. दोन शनिवार कॉलेजला गेलो नाही. सरांचा फोन आला तर कामाचं निमित्त सांगितलं. मनात मात्र ठरवून टाकलं होतं: दुसरा हप्ता घ्यायचा नाही. हप्ता नाही म्हणजे परीक्षा नाही. जे शिकलो तेवढं बस. आणि पहिल्या हप्त्याचे पैसे कसेही करून कमिटीला परत द्यायचे.

हे बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. मी चाचांकडे गेलो.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चाचा कापडाचा उलगडलेला थान घडी करत होते.

"काहून मिस्तरी, चेहरा कायले उतरला? रोजा लागला काय?"

"चाचा, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. माझ्या घरात सोनं हाय."

चाचांचे हात थांबले नाहीत. "हार, चार बांगड्या आन चांदीचे पैंजण. हेच ना?"

मी बाकावर बसलो. "तुमाले कोणं सांगतलं?"

"जिचं आहे तिनं. दर रमजानले तुझी बायको येते, तू बसला तिथंच बसते. सोन्याचा भाव विचारते, हिशेब लावते, आपली जकात देऊन जाते. इतके वर्षं झाले. गावभराच्या गाड्यायचा आवाज तुले ऐकू येते, आन घरातलं मालूम नाई?"

"पण घरात सोनं असून मी जकात घेतली."

"घरात आहे, पण तुझं आहे काय?" चाचांनी आता थान बाजूला ठेवला. "तिच्या बापानं देल्लं ते तिचं. लग्नात तुनं देल्लं तेही तिचं. तिच्या मर्जीबिगर त्यातली एक कडी तुले विकता येत नाई. मंग ते तुझ्या नावावर कसं मोजू? तुझ्याजवळ काय आहे, सांग. पाने, जॅक, हवा भराची मशीन. हत्यारावर जकात नसते, बावा. इमाम साहेबाले विचारूनच तुले देल्ले. तू हक्कदार होता म्हणून देल्ले."

माझ्या डोक्यात आणखी एक किडा वळवळला. "तिचेच पैसे तर फिरून माझ्याकडे नाही आले?"

चाचा खळखळून हसले. "बायकोची जकात नवऱ्याले देत नसते, एवढं आमाले समजते! तिचे वेगळे ठेवतो. ते कोणाले जातात ते विचारू नको. घेणाऱ्याचं नाव घेत नसतात. तुझं घेतलं काय कोणी?"

मी मान हलवली. इतके दिवस पाठीवर घेतलेलं पोतं कुणी अलगद उतरवून घ्यावं, तसं झालं होतं. खांदे हलके आणि जरा हुळहुळते. चोरी केली नव्हती. पण पोतं उतरल्यावर पायाखाली काय आहे तेही दिसलं. इतकी वर्षं बायकोचं सोनं मी बेधडक माझं समजत होतो. पापाची भीती वाटली तीही त्याच समजुतीवर, आणि तिने बांगड्या पुढे केल्या तेव्हा बाणा दाखवला तोही त्याच समजुतीवर.

घरी आलो तेव्हा ती इफ्तारसाठी भजी तळत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. कॉलेज चुकवलं तेही सांगितलं.

ती झारा निथळवत म्हणाली, "मेरे घर का सोना. ऐसा बोले थे ना तुम? मैं उसी दिन बोलने वाली थी, किसका सोना."

"फिर बोली काहे नहीं?"

"रोटी जल रही थी."

मग आम्ही दोघंही हसलो, तोंडात थेंब पाणी नसताना, घशाला कोरड पडेपर्यंत. मी विचारलं, जकातीचे पैसे कुठून आणायची. साड्यांना फॉल-पिको करते त्यातून, म्हणाली. शिलाई मशीन माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर चालत होती. त्या पैशाचं काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी नंतर, आधी शनिवारची एसटी पकडा.

पकडली. दुसरा हप्ता चाचांकडून घेतला, आणि या वेळी नजर खाली न घालता. परीक्षेत सरांनी बंद पाडलेली स्कूटर समोर ठेवली. दोष बॅटरीत नव्हता, वायरिंगच्या एका जोडात होता. सापडला. पास झालो. ते कपाशीवाले कास्तकार निकालानंतर मुद्दाम आले, गाडी चांगली चालत असताना, आणि गॅरेजच्या दारातून ओरडले, "काहो हकीम, डॉक्टर झाले म्हणे!"

"झालो," मी म्हटलं. "बसा, पेशंट तपासतो."

आता बॅटरीच्या गाड्याही येतात. यंदाचा रमजान आला तेव्हा मी हिशेब केला. माझ्याजवळ जकात द्यावी लागेल एवढी शिल्लक अजून झालेली नाही. तिची आहे. म्हणून मी तिला मोटरसायकलवर बसवून चाचांच्या दुकानापर्यंत नेलं. ती आत जाऊन बाकावर बसली, भाव विचारू लागली. मी बाहेर गाडीजवळ थांबलो. आतला हिशेब तिचा होता.