सुण्या

कृष्णकांत गेल्यापासून शशिकलाबाईंच्या तोंडून कोंकणी शब्द निघाला नव्हता. दोघंही कारवारकडची. बँकेच्या नोकरीमुळे पनवेलला आली आणि इथलीच झाली. बाहेर मराठी, मुलीशीही मराठीच. कोंकणी फक्त नवराबायकोत, स्वयंपाकघरात आणि भांडणात. आता मुलगी मिताली पुण्याला होती आणि कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये बोलायला कुणी नव्हतं.

इमारतीच्या पार्किंगमध्ये एक पिवळट कुत्रा राहायचा, एका पायानं अधू. एका सकाळी त्याला उरलेली पोळी टाकताना बाई सहज म्हणाल्या, "सुण्या, हांगा यो." इकडे ये. कुत्रा लंगडत आला. बाई मात्र जागीच थबकल्या. स्वतःचाच आवाज त्यांनी फार दिवसांनी ऐकला होता.

मग ते रोजचंच झालं. करंजा बंदरावरून आलेले बांगडे कसे निघाले, गुडघा कसा दुखतो, सगळं त्या त्याला सांगायच्या. लोकांना वाटलं, कुत्र्याचं नाव सुन्या, म्हणजे सुनीलचं सुन्या. मुलंही तशीच हाक मारू लागली. बाईंनी कुणाची चूक काढली नाही.

शेजारच्या अरुंधतीबाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदा विचारलंच, तेव्हा बाई ओशाळून म्हणाल्या की हे नाव नाहीच, आमच्यात कुत्र्याला सुणें म्हणतात. अरुंधतीबाईंना फार आनंद झाला. शब्द संस्कृतातल्या शुनकापासून आलेला, जुन्या मराठीतही होता, पुढे कुत्रा रूढ झाला आणि आम्ही तो विसरलो, असं त्यांनी सांगितलं.

"आणि सुनं? सुनं घर म्हणतो ते?" बाईंनी विचारलं.

"ते शून्यावरून. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

कानाला सारखंच लागतं, एवढंच बाई म्हणाल्या.

दिवाळीत मिताली आली. गाडी लावताना तिला खांबाआडून आईचा आवाज ऐकू आला. आई भरभर बोलत होती, मध्येच हसत होती. मितालीला सगळं समजत होतं. पण त्यातलं एक वाक्यही तिला बोलता आलं नसतं.

वर आल्यावर ती म्हणाली, "मला बोलायला का नाही शिकवलंस?"

"शाळेत तुला कुणी हसू नये म्हणून. आणि आम्हा दोघांना ती पुरत होती गं."

यापुढे फोनवर कोंकणीतच बोलायचं, असं मितालीनं ठरवलं. पाण्याला उदक म्हणणं जमे, पण क्रियापदांशी अडे, आणि दोघी हसत. मग ऑफिसचं काम वाढलं. फोन पुन्हा मराठीत येऊ लागला, तोही धावता. बाईंनी आठवण करून दिली नाही.

यंदा कुत्रा म्हातारा झालाय. बाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसतात. तो डोळे मिटून पडलेला असतो; ऐकतो की नाही, कळत नाही. जाता-येता कुणी विचारतं, "काकू, एकट्याच बसलात?" बाई मराठीत हो म्हणतात, आणि माणूस लिफ्टमध्ये शिरला की राहिलेलं वाक्य पुरं करतात.