मावशींचा लाभ

"लाभ, दोन, तीन, चार…"

आमच्या दवाखान्यातल्या मावशी अशाच मोजत. तुम्ही खळं पाहिलं असेल तर ठाऊक असेल, धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. मावशी ताडकळसच्या शेतकरी घरातल्या. दवाखान्यात आया झाल्या तरी खळं सुटलं नाही. ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायच्या कापडी घड्याही त्या ज्वारीसारख्याच मापत.

निजामी अमलातले दिवस. मी हैदराबादेत शिकून आलेला नवा कंपाउंडर, म्हणजे अकलेचा कांदा. माझ्या पहिल्याच ऑपरेशनला मावशी आकडे म्हणत गेल्या, मी पाटीवर रेघा मारत गेलो. 'लाभ' मला देवाचं नाव वाटलं. देवाला कशाला रेघ? शेवटचा आकडा ऐकायचीही गरज वाटली नाही.

पेशंट पालमची एक बाई होती, पोटातली गाठ काढायची होती. पोटातून निघालेल्या घड्या मी मोजल्या, अकरा. रेघाही अकरा. मावशी म्हणत राहिल्या की बारा होत्या. डॉक्टरसाहेबांचा पाटीवर विश्वास. त्यांनी टाके घातले. त्या दिवसापासून मावशींनी पाटी माझ्याकडून काढून घेतली आणि रोज विचारायला लागल्या, घडी सापडली का. मी म्हणे, धोब्याकडे असेल.

चार महिन्यांनी बाई परत आली. अंगात ताप, पोटात कवठाएवढा गोळा. साहेबांनी चाचपून मान हलवली. गाठ वाढलीय, घरी न्या म्हणाले. तिचा नवरा पायरीवर मटकन बसला. मावशींनी पोटावर हात ठेवला.

"गाठ न्हाई ही. माजा लाभ हाय."

"मावशी, लाभ म्हणजे किती?"

"किती म्हंजी? येक."

म्हणजे पहिल्या घडीची रेघ मी मारलीच नव्हती. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्या नवऱ्याकडे बघवेना. साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते मला नाही नाही ते बोलले आणि हात धुवायला गेले. दुपारी गाठीच्या जागी घडी निघाली. बाई वाचली.

मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लय शिकलात बाबा, येक तेवढा ऱ्हायला."

मावशी वारल्या तेव्हा मी फार रडलो. त्यांच्यामागे घड्या मोजायचं काम माझ्याकडे आलं. नवी नर्स पाटी घेऊन उभी राहते, मी 'लाभ' म्हणतो, आणि तिची रेघ पडेपर्यंत पुढे जात नाही.