देवाजीभाऊंच्या पेन्सिलच्या फुल्या

देवाजीभाऊ आज पहाटे गेले.

छातीत कळ आली. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एक्कावन्न.

तुमच्यातल्या फार थोड्यांना ते माहीत असतील. मुलचेऱ्याकडच्या ज्या छोट्या वाचनालयात मी काम करते, तिथले ते सर्वांत जुने वाचक. दोन एकर धान, उरलेले दिवस मजुरी.

आणि वाचायचे एकाच प्रकारचं.

"बाई, सुटकेचं काही नवीन आलं का?"

म्हणजे कैदेतून, संकटातून सुटलेल्या माणसांची पुस्तकं. तुरुंगाची भिंत पोखरणारे, फुटक्या होडीत पाण्याविना तगलेले, बर्फात हरवून महिन्याने घरी पोचलेले. आमच्याकडे अशी वीस-बावीस असतील. ती सगळी त्यांनी तीन-तीनदा नेली.

परत देताना शेरा मारायचे. "हा हुशार होता, घाई नाई केली." किंवा, "यानं सगळं पाणी पयल्याच दिवशी पिऊन टाकलं. चुकला."

मला वाटायचं, छंद आहे एकेकाचा.

मग एका वाचक मॅडमनी तक्रार केली, पुस्तकात पेन्सिलच्या फुल्या आहेत म्हणून. मी रजिस्टर काढून तपासलं. देवाजीभाऊंनी नेलेल्या जवळपास प्रत्येक पुस्तकात एक तरी फुली होती. बारीक, समासात.

मी जरा कडक आवाजातच विचारलं. भाऊ, हे काय?

त्यांनी पुस्तक जवळ ओढून उघडलं. मग एका फुलीवर बोट ठेवलं.

"इथी याचा सोबती मागं राह्यला. पुढची सारी पानं पाह्यली मी. त्याचं नावच नाई."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःचं सांगितलं.

तरुणपणी ते बोअरवेलच्या ट्रकवर कामाला दक्षिणेत गेले होते. आठ जण. गेल्या गेल्या सुपरवायझरने सगळ्यांचे पैसे आणि ओळखपत्रं काढून घेतली. ट्रकवरच खायचं, पाइपांशेजारी झोपायचं. गावाकडे जातो म्हटलं की मार. एकट्याने रस्त्यापर्यंतही जायचं नाही. भाषा कळत नव्हती, आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत तेही ठाऊक नव्हतं.

असे अकरा महिने.

त्यांच्यासोबत नितई होता. आपल्याकडच्याच, बंगाली निर्वासितांच्या एका गावातला, यांच्या गावापासून नऊ किलोमीटर. दोघं एका ताटात जेवायचे.

एका दुपारी सुपरवायझर आणि ड्रायव्हर दोघंही जेवायला गेले. नितई तापाने फणफणून ट्रकखाली पडला होता. देवाजीभाऊ उठले आणि मक्याच्या शेतात घुसले.

"मागं वळून नाई पाह्यलं, बाई. पाह्यलं असतं तर पाय उचलला नसता."

तीन दिवस चालले. भुईमुगाच्या शेंगा उपटून खाल्ल्या. एक स्टेशन सापडलं, तिथून गाड्या बदलत बल्लारशा. घरी आल्यावर कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला, त्यात उरलेल्या सातही जणांची नावं घातली आणि एका सरकारी ऑफिसात देऊन आले. उत्तर आलं नाही.

वर्ष-दीड वर्षाने कानावर आलं की नितई घरी आला.

"मग भेटलात?"

"कोणत्या तोंडानं भेटू? बाजारात दिसला तर मी दुसऱ्या गल्लीनं जातो."

चौदा वर्षं ते दुसऱ्या गल्लीने जात होते.

मला राहवलं नाही. नितईदांना मी ओळखत होते. आठवडी बाजारात ते तलावाची मासोळी विकतात. पुढच्या बाजाराला गेले आणि सरळ विचारलं, देवाजीभाऊंना ओळखता का?

त्यांचा हात विळीवरच थांबला.

"तो माझ्यासंग बोलत नाई, बाई. मले पाहून वळून जाते. माझं काय चुकलं, हेच कळत नाई."

 मी म्हटलं, ते आत्ता वाचनालयात बसलेत.

नितईदांनी दुकान बायकोवर सोपवलं, बादलीतल्या पाण्याने हात धुतले आणि माझ्यासोबत निघाले.

देवाजीभाऊंनी त्यांना दारात पाहिलं आणि उभे राहिले. पळायला दुसरं दार नव्हतं आमच्याकडे.

"तुले ताप होता," देवाजीभाऊ म्हणाले. चौदा वर्षांनी पहिलं वाक्य हे.

"होता. उतरला."

"मी तुले सोडून आलो."

नितईदा बाकावर बसले. देवाजीभाऊंनाही बसवलं.

"तू गेला म्हणून खूप मारलं आमाले. तवा तुले शिव्या दिल्या मी, खोटं काऊन बोलू? पण मंग एक दिवस साहेब लोक आले, पोलिस घेऊन. हातात कागद होता. त्यांनं इचारलं, नितई कोण हाय? माझं नाव पयलं होतं. खाली तुही सही."

"माही सही?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"तुले कोणी सांगितलंच नाई?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आले तेव्हा देवाजीभाऊ रडत होते आणि नितईदा मासोळीच्या वासाच्या हाताने त्यांची पाठ चोळत होते.

याला सहा वर्षं झाली. नंतर देवाजीभाऊ पुस्तकं न्यायला येत राहिले, पण बाजाराच्या दिवशी नाही. त्या दिवशी ते मासोळीच्या दुकानावर बसायचे. गिऱ्हाइकांशी घासाघीस करायचे, तीही नितईदांपेक्षा जोरात.

आज दुपारी घरासमोर त्रिसरण-पंचशील झालं आणि आम्ही नदीकडे निघालो. पुढचा उजवा खांदा नितईदांचा होता. ऊन फार होतं. वाटेत तीनदा कोणी ना कोणी खांदा बदलायला पुढे आलं.

तिन्ही वेळा ते म्हणाले, "राहू द्या. मी नेतो."

नदीपर्यंत त्यांनीच नेलं.

देवाजीभाऊ, आमच्या सगळ्यांकडून तुम्हाला शेवटचा जय भीम.