टिपर चार हात अलीकडे थांबला तेव्हा

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी मुखेडजवळच्या एका गावात, नाल्यावरच्या नव्या पुलाखाली उभी होते... आणि डोक्यावरून मुरूम भरलेला टिपर येणार होता.

मी लातूरची. पुलावर वजन आलं की तो किती दबेल, याचा हिशेब करणं हे माझं काम. हा पूल मातीत पुरलेल्या स्टीलचा... म्हणजे जाड नागमोडी पत्रे बोल्टने जोडून केलेली कमान, आणि तिच्या दोन्ही बाजूंना व वर थराथराने दाबलेला मुरूम. पत्रा एकटा वजन पेलत नाही, माती त्याला घट्ट धरून असते.

गावाला हे काही पटेना. सरपंचबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "म्याडम, गोठ्यावर पत्रे टाकतेत तसलेच टाकलेत की हो. ह्याच्यावरून एसटी जाईल व्हय?" आणि एसटीसाठीच तर सगळा खटाटोप... चाचणीचा रिपोर्ट चांगला आला तरच बस पूल ओलांडून गावात येणार होती. तोवर कॉलेजच्या मुली रोज मोठ्या रस्त्यापर्यंत पायपीट करत होत्या.

माझा अंदाज होता, कमानीचा माथा अडीच मिलिमीटर दबेल. ऑफिसातले सिनियर म्हणाले होते, "मातीवर जरा जास्तच विश्वास टाकलायस तू." पहिल्यांदाच एकटीने काढलेला आकडा हा... चुकला असता तर बस गेली, आणि माझी अब्रूही.

माथ्याखाली डायल गेज लावला. घड्याळासारखं यंत्र, पत्रा केसभर हलला तरी काटा सरकतो. माथ्याच्या बरोबर वर, रस्त्यावर चुन्याच्या फक्कीची रेघ मारली, टिपरची मागची चाकं बरोबर तिथं थांबवायची होती.

टिपरवर मुखेडचे सलीमचाचा, सगळी हयात स्टिअरिंगवर गेलेली. त्यांनी विचारलं, "बेटा, तू कुठं थांबणार हाईस?" म्हटलं, "खाली, काटा बघायला." चाचांनी गाडी सुरू केली.

टिपर आला... थांबला... आणि काटा उलटा फिरला! माथा दबायच्या ऐवजी चक्क वर उचलला गेला होता.

गेजचा स्टँड हलवून पाहिला, पक्का होता. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला... वजन माथ्यावर न येता कमानीच्या एका कुशीवर आलं, तर कूस दबते आणि माथा किंचित वर येतो! हे तर माझ्याच हिशेबात होतं.

धावत वर गेले. चाकं रेघेच्या चांगली चार हात अलीकडे.

"चाचा, रेघ दिसली नाही का?"

"दिसली की." चाचांची मान खाली. "पर खाली लेकरू उभं हाय, अन् वर एवढं वजन कसं घालू? पायच ब्रेकवर गेला बेटा. जमलं न्हाई."

रागावणार होते, ते राहूनच गेलं... केबिनमध्ये चढले, हिशेबाच्या कागदामागे कमान काढली, माती तिला कशी धरते ते दाखवलं. म्हटलं, "चाचा, भीती असती तर मी स्वतः खाली उभी राहिले असते का?"

त्यांनी कागदावरच्या कमानीवरून बोट फिरवलं. मग "बिस्मिल्ला" म्हणत पुन्हा पहिल्यापासून यायला गाडी मागे घेतली.

मी पुन्हा खाली. या वेळी काटा आधी जरासा उलटा गेला, मग सरळ फिरत राहिला... आणि थांबला. दोन पूर्णांक तीन! टिपर पुढे गेला तसा काटा परत शून्याजवळ आला. पुलाखाली मी एकटीच नाचले, कुणी पाहिलं नाही म्हणून बरं!

रिपोर्ट मंजूर झाला, आणि काल सरपंचबाईंनी फोटो पाठवला. पुलावर एसटी, आणि खिडक्यांतून हात हलवणाऱ्या मुली... किती वेळा पाहिला असेल मी तो.

आकडा जुळला याचा आनंद आहेच. पण जेमतेम अर्ध्या तासाच्या ओळखीवर एका माणसाने माझ्या काळजीने ब्रेक दाबला, ते काही मनातून जात नाही... चाचा, त्या चार हातांसाठी मनापासून आभार.