चिचगडच्या पुढची शाळा बांधीत भरते

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की चिचगडच्या पुढे एका टोल्यावर, छोट्या वस्तीवर, चालणारा बायकांचा साक्षरता वर्ग बंद पडला. ते चूक होतं. समाजमंदिराच्या खोलीला कुलूप दिसलं आणि कोणालाही न विचारता मी लिहून टाकलं. ती ओळ तिथे तशीच ठेवली आहे. चौथीपर्यंत मला आईने घरीच शिकवलं. चुकलं तर खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, हा तिचा नियम.

वर्ग घेणाऱ्या लताताईंचा फोन आला. "एकदा येऊन बघून जा," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शनिवारी निघाले.

जाणाऱ्यांसाठी: नागपूरहून सकाळच्या गाडीने गोंदिया, तिथून देवरीची एसटी. देवरीच्या स्टँडवर आलूबोंडा खाऊन घ्या. चिचगडची काळीपिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही; पाऊण तास आणि चाळीस रुपये गेले. पुढे तीन किलोमीटर पायी, चिखलातून. सँडल घालू नका. मी घातल्या होत्या.

लताताईंनी थेट शेतावर नेलं. धानाची रोवणी, भाताची लावणी, चालू होती. दुपारची जेवणं झाल्यावर दहा-बारा बायका बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, बसल्या. लताताईंनी हाताने चिखल सपाट केला आणि काडीने हातभर अक्षर काढलं. एकीने वाचायचं, पुसायचं, दुसरीने तेच काढायचं. रोवणीची मजुरी सोडून खोलीत कोण येणार? म्हणून दरवर्षी या दिवसांत शाळाच बांधीत येते.

साठीच्या सुगंधाबाईंनी मला विचारलं, "तूच का वं लिवणारी? आमी इथं शिकून राहिलो, आन् तू काऊन बंद पाडलीस?"

"कुलूप दिसलं मला."

"कुलूप तं आता माह्या घरालेबी आहे. म्हंजे मी मेली का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

मग लताताईंनी खरी अडचण सांगितली. माझा लेख गावात मोबाइलवर फिरला होता. वर्ग बंदच आहे तर खोलीत खताची पोती ठेवू, हा विषय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत येणार होता. मग रोवणी संपल्यावर बायका बसणार कुठे?

"मी सभेत बोलते," मी म्हटलं.

"तू कायले? लिवून दे, मी वाचतो," सुगंधाबाई म्हणाल्या. "वाचणारीले खोली देतात का पोत्याले, पाहू."

"सोपं लिहा," लताताई म्हणाल्या. "जोडाक्षरं अजून झाली नाहीत."

मी मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या:

शाळा बंद नाही.
रोवणीत ती बांधीत भरते.
मी चुकले होते.

सुगंधाबाई 'रोवणीत'ला अडल्या, एकदा बांधीकडे बघितलं आणि पुढे गेल्या. तिसरी ओळ वाचून मात्र कागद खाली ठेवला. "चुकली तू. मी कायले म्हणू, मी चुकले?"

"बदलू का?"

"राहू दे. त्या ओळीले तू उभी राय. गावाले कळंल कोण ते."

रात्री लताताईंकडे भात आणि जवसाची चटणी खाल्ली आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

घरी येऊन तीन दिवस झाले. सँडलचा चिखल वाळला आहे, काढायला मन होत नाही. कागद सुगंधाबाईंकडे सरावाला आहे. चौदाला निघते. पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत, तिसऱ्या ओळीला मी उभी राहीन.